टास्कबारचा ठसा : ओलेड मॉनिटरवर काय, किती आणि कसं मंद करावं

कामासाठी रोज आठ-दहा तास चालणाऱ्या ओलेड मॉनिटरवर ठसा (बर्न-इन, म्हणजे पडद्यावर कायमची राहणारी पुसट खूण) उमटतो तो बहुतेक वेळा टास्कबारचा. त्यामागोमाग ब्राउझरची टॅबपट्टी, एक्सेलची रिबन, आणि शेअर बाजाराचे चार्ट लावून बसणाऱ्यांच्या पडद्यावर कडेची वॉचलिस्ट. सिनेमापेक्षा ऑफिसचं काम या पडद्यांना जड जातं, कारण पडद्याचा काही भाग महिनोन्‌महिने तसाच्या तसा पेटलेला राहतो. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो : डार्क मोड लावा, सगळं काळं करा. तो अर्धाच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याने उलटा ठसा उमटू शकतो.

ओलेडमध्ये एलसीडीसारखा मागे दिवा नसतो. सेंद्रिय पदार्थाच्या अतिशय पातळ थरांतून वीज गेली की उपपिक्सेल (पिक्सेलमधला एकेका रंगाचा ठिपका) स्वतःच उजेड देतो. वीज जितकी जास्त आणि जितका जास्त वेळ, तितका थर झिजतो, आणि पुढे तेवढ्याच विजेवर कमी उजेड देतो. निळा उजेड देणारा पदार्थ सर्वांत लवकर थकतो, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त आणि तेवढ्या ऊर्जेला सेंद्रिय रेणू फार काळ टिकत नाहीत.

पण डोळ्याला झीज दिसत नाही, झिजेतला फरक दिसतो. अख्खा पडदा सारखाच दहा टक्के झिजला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, ब्राइटनेस थोडा वाढवला की झालं. तेच खालची पट्टी वरच्या भागापेक्षा दोन टक्के जास्त झिजली आणि मधली धार सरळ असली, तर करड्या पार्श्वभूमीवर ती लगेच डोळ्यात येते. आता उलटं पाहा. टास्कबार ठार काळा ठेवला आणि वरच्या भागात दिवसभर वर्डची पांढरी पानं उघडी ठेवली, तर झिजेल तो वरचा भाग. पट्टीतले पिक्सेल नव्यासारखे राहतील आणि कधी पूर्ण पडदाभर चित्र लावलं की तळाशी उजळ पट्टी दिसेल. हाही बर्न-इनच. म्हणून लक्ष्य ‘शक्य तितकं काळं’ हे नसावं. स्थिर भागाची झीज शेजारच्या भागाच्या जवळ आणायची आणि दोन्हींची मिळून कमी ठेवायची, हे लक्ष्य हवं.

थोडा हिशेब इथे उपयोगी पडतो. झीज उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. साधारणपणे उजेडाचा दीड ते दोन घात धरतात. म्हणजे उजेड निम्मा केला की आयुष्य दुप्पट नव्हे, पावणेतीन ते चार पट होतं. दुसरी गोष्ट, रंगाचा आकडा आणि उजेड एक नव्हेत. २५५ हा पूर्ण पांढरा धरला तर १२८ वर अर्धा उजेड मिळत नाही, फक्त सुमारे २२ टक्के मिळतो. अर्धा उजेड १८८ च्या आसपास येतो आणि पाव उजेड १३७ ला. टास्कबारवर काळ्या रंगाचा ५० टक्के पारदर्शक पडदा टाकला तर तिथला पांढरा २५५ वरून १२८ वर येतो, उजेड पाचव्या हिश्शाच्या जरा वर राहतो आणि झीज दहाव्या हिश्शावर किंवा त्याहून खाली. उजेड फक्त निम्मा करायचा असेल तर २७ टक्के काळा पुरे. ‘पन्नास टक्के मंद’ म्हणून लोक जे लावतात ते त्यांना वाटतं त्याच्या दुपटीहून जास्त मंद असतं. मग अक्षरं वाचता येत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं काढून टाकतात.

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत आधी अख्ख्या पडद्याचा ब्राइटनेस. घरातल्या किंवा ऑफिसातल्या साध्या उजेडात १०० ते १२० निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) भरपूर होतात. एसआरजीबी या पडद्यावरच्या रंगांच्या मानकात तर ८० निटच धरले आहेत. ज्या मॉनिटरचा साधा, म्हणजे एचडीआरशिवायचा (एचडीआर म्हणजे जास्त उजळ चित्र दाखवणारी पद्धत) कमाल उजेड २५० निट आहे, तिथे ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हे जमतं. विंडोजमध्ये एचडीआर कायम चालू ठेवणाऱ्यांनी मात्र जपावं. एचडीआर चालू झालं की बऱ्याच मॉनिटरचं स्वतःचं ब्राइटनेसचं नियंत्रण कुलूपबंद होतं आणि साध्या मजकुराचा उजेड सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर इथल्या ‘एसडीआर कंटेंट ब्राइटनेस’ या पट्टीवर ठरतो. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर ही पट्टी शून्यावर ८० निट आणि शंभरावर ४८० निट देते, म्हणजे एका घराला ४ निट. ती १० वर ठेवा, १२० निट मिळतील. माझ्या मते एचडीआर सिनेमापुरतं चालू करावं आणि मग बंद करावं. विंडोजची कळ, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की ते चालू-बंद होतं, मेनूत शिरायची गरज नाही.

मग लपवता येईल ते लपवा. मंद करण्यापेक्षा लपवणं केव्हाही चांगलं, कारण लपलेल्या पट्टीच्या जागी वरचंच चित्र येतं आणि तो भाग बाकीच्या पडद्याबरोबर सारखा झिजतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्स इथे ‘ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार’ वर खूण करा. इथे लोक हमखास अडकतात : एखादं अॅप लक्ष वेधू लागलं की पट्टी वर येते आणि तुम्ही त्या अॅपवर क्लिक करेपर्यंत खाली जात नाही. व्हॉट्सअॅप उघडं ठेवून जेवायला गेलात तर ती तासभर तशीच उभी. त्याच यादीतली ‘शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार अॅप्स’ ही खूण काढून टाका. डेस्कटॉपवरचे आयकॉन उजवं क्लिक, व्ह्यू इथून लपवता येतात. मॅकवर डॉक आणि वरची मेनूपट्टी दोन्ही आपोआप लपतील असं करता येतं. ब्राउझर एफ११ ने पूर्ण पडदाभर करा, बुकमार्कची पट्टी कंट्रोल, शिफ्ट आणि बीने घालवा. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि के दाबून सोडा, मग झेड दाबा, फक्त कोड दाखवणारा झेन मोड येतो.

ज्यांना टास्कबार समोर हवाच, घड्याळ आणि उघड्या फाइली दिसल्याशिवाय ज्यांचं काम चालत नाही, त्यांच्यासाठी मंद करण्याची पट्टी. विंडोजवर ऑटोहॉटकी या छोट्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात ती दहा-पंधरा ओळींत बनते. बिनचौकटीची काळी विंडो, रुंदी पडद्याएवढी, उंची टास्कबारएवढी, ‘ऑल्वेज ऑन टॉप’, आणि क्लिक आरपार जाऊ देणारा गुणधर्म लावलेला. तो विसरलात तर टास्कबारवर क्लिकच होणार नाही. पारदर्शकतेचा आकडा ० ते २५५ असतो : ७० म्हणजे सुमारे २७ टक्के काळा, १२८ म्हणजे ५० टक्के. काम चालू असताना ७०, माउस-कीबोर्ड मिनिटभर शांत असेल तर १२८, पाच मिनिटांनी पडदाच बंद, असे तीन टप्पे मला योग्य वाटतात. शांत वेळ मोजायची सोय ऑटोहॉटकीतच आहे.

ही पट्टी बिघडते ती दोन-तीन ठिकाणी. टास्कबार स्वतःही ‘नेहमी वर’ राहणारी विंडो आहे. त्यावर क्लिक केलं की तो तुमच्या पट्टीच्या वर येतो आणि पट्टी असून नसल्यासारखी होते. म्हणून दर अर्ध्या सेकंदाला टायमर लावून पट्टीला पुन्हा वर आणावं लागतं. स्क्रीनशॉटमध्ये आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये पडदा दाखवताना पट्टी सगळ्यांना दिसते. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून एखादी विंडो कॅप्चरमधून वगळायची सोय आहे, ती वापरा. आणि गेम सुरू करण्यापूर्वी पट्टी बंद करा, कारण पूर्ण पडद्याच्या वर दुसरी विंडो असली की चित्र मधल्या वाटेने फिरून येतं आणि गेम जड वाटू शकतो.

नुसता पारदर्शक टास्कबार करणं हा मात्र उपाय नव्हे. पारदर्शक पट्टीमागे उजळ वॉलपेपर असला तर स्थिर उजेड वाढतोच. वॉलपेपर मध्यम-गडद आणि दर काही मिनिटांनी बदलणारा हवा.

लिनक्सवाल्यांचं काम सोपं आहे. केडीई या डेस्कटॉपमध्ये पॅनेल आपोआप लपवता येतं आणि डेस्कटॉप इफेक्ट्समध्ये ‘डिम इनअॅक्टिव्ह’ आहे, जो वापरात नसलेल्या विंडो काळपट करतो. पायकॉम (विंडोंची सावली आणि पारदर्शकता सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यात ‘इनअॅक्टिव्ह-डिम’ ला ०.३ द्या. हायपरलँड या विंडो मॅनेजरमध्ये ‘डिम-इनअॅक्टिव्ह’ चालू केल्यावर त्याची मुळातली तीव्रता ०.५ असते, ती ०.३ वर आणा. आयथ्री आणि स्वे या विंडो मॅनेजरमध्ये बारला ‘हाइड’ मोड दिला की मॉडिफायर कळ दाबेपर्यंत तो दिसतच नाही. मॅकवर वापरात नसलेल्या विंडो काळपट करायचं काम हेझओव्हर हे अॅप करतं. दोन मॉनिटर असतील तर हा उपाय मोलाचा, कारण दुसऱ्या पडद्यावरचं चॅट किंवा मेल तासन्‌तास कुणी न बघता पेटलेलं असतं.

पट्टी किती मंद करायची हे डोळ्याने ठरवू नका. दिवसात चार-पाच वेळा, ठरावीक अंतराने, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या (मंद करण्याची पट्टी कॅप्चरमधून वगळली असेल तर तेवढ्यापुरती ती सोय बंद करून). चित्रं संपादित करायच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टास्कबारचा तुकडा वेगळा कापा आणि तो १×१ पिक्सेलएवढा लहान करा. जो एकच रंग उरतो तो त्या भागाची ढोबळ सरासरी. उरलेल्या पडद्याचंही तसंच करा. दोन आकडे शेजारी ठेवले की पट्टी जास्त पेटते आहे की कमी, ते कळतं. दिवसभर पांढरे दस्तऐवज असतील तर पट्टी गडद करण्यापेक्षा करडी ठेवलेली बरी. कोड आणि टर्मिनल गडद रंगात असतील तर पट्टीवरची पांढरी अक्षरं आणि रंगीत आयकॉन हाच मोठा फरक ठरतो. तिथे सरासरीवरही विसंबू नका, कारण झीज पिक्सेलगणिक होते आणि आयकॉनच्या आकाराचे डाग पट्टीची सरासरी जुळली तरी उमटतात.

मराठी इंटरफेस वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मेनू आणि टॅबमधल्या देवनागरीची शिरोरेखा एकाच रांगेतले पिक्सेल सलग पेटते ठेवते, इंग्रजी अक्षरांसारखे तुटक नाही. एवढ्या बारीक रेषेसाठी मॉनिटरचं ‘पिक्सेल शिफ्ट’ पुरतं. ते चित्र थोड्या थोड्या वेळाने काही पिक्सेल सरकवतं आणि रेषेची झीज पसरते. जाड पट्टी किंवा मोठा आयकॉन मात्र त्याने वाचत नाही, त्याच्या फक्त कडा मऊ होतात. वृत्तवाहिन्यांची तळाची लाल-पिवळी पट्टी दिवसभर कोपऱ्यातल्या विंडोत चालू ठेवणं तर टाळाच. गडद लाल रंगात लाल उपपिक्सेल एकटाच राबतो आणि ठसाही रंगीत उमटतो.

मॉनिटरमधली तयार साधनं चालू ठेवा. एमएसआयच्या ओलेड केअर २.० मध्ये टास्कबार आणि लोगो ओळखून तेवढाच भाग मंद करायची सोय आहे, इतर कंपन्यांच्या बऱ्याच मॉनिटरमध्येही असतं. चित्र स्थिर राहिलं की अख्खा पडदा हळूहळू मंद होतो, त्याचा वैताग येतो हे खरं. पण सर्व्हिस मेनूत (तंत्रज्ञांसाठीच्या लपवलेल्या मेनूत) शिरून ते बंद करू नका.

आणि भिंतीवरचं बटण. आपल्याकडे रात्री काम संपलं की स्पाइक गार्डचं बटण बंद करायची सवय असते. ओलेडच्या बाबतीत ती घातक आहे. मॉनिटर स्टँडबायमध्ये गेल्यावर पॅनेल प्रत्येक पिक्सेलच्या विजेतला बदल मोजतं आणि त्यानुसार भरपाई ठरवतं. डेल एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू या २०२२ च्या मॉनिटरमध्ये दर ४ तासांच्या वापरानंतर काही मिनिटांचं पिक्सेल रिफ्रेश आणि १,५०० तासांनंतर सुमारे तासभराचं पॅनेल रिफ्रेश सुचवलेलं आहे. वीज तोडली तर हे होतच नाही. भारनियमन असलेल्या गावात मॉनिटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि लांबलचक रिफ्रेश वीज जायची वेळ टाळून करा. ते हाताने वारंवारही चालवू नये. ते झीज भरून काढत नाही, झिजलेल्या पिक्सेलला जास्त वीज देऊन बरोबरीला आणतं, आणि ही शिल्लक मर्यादित असते.

उष्णतेनेही झीज वेगाने होते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे मॉनिटरच्या मागची जाळी भिंतीला टेकवून ठेवू नका, वर कापड झाकू नका.

स्क्रीनसेव्हर नको. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला पहिला स्क्रीनसेव्हर पडदा नुसता काळा करत असे आणि ओलेडला तेवढंच हवं आहे. नाचणारी रंगीत चित्रं म्हणजे कुणी बघत नसताना केलेली झीज.

ठसा आहे का ते पाहायचं तर खोली अंधारी करा आणि पूर्ण पडदाभर ५ आणि ५० टक्के करडा, मग शुद्ध लाल, हिरवा, निळा लावा. ५ टक्के करड्यावर नव्या पॅनेलमध्येही उभ्या पुसट पट्ट्या असतात, त्यांना ठसा समजू नका. म्हणूनच मॉनिटर आणल्या दिवशीच या पाचही पडद्यांचे फोटो काढा, एक्सपोजर हाताने ठरवून आणि लिहून ठेवून. दर सहा महिन्यांनी त्याच आकड्यांवर पुन्हा काढा. काही कंपन्या ३ वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरतात, पण भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलला ते लागू आहे का हे बिल करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या, आणि ते उत्तर फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवा.