हळदीचा डाग आणि घटस्फोटित बायकोची साक्ष

सांगलीत वकिली सुरू करून मला तेव्हा चारच वर्षं झाली होती. ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम करायचे, त्या आमच्या सरांकडे विधी सेवेकडून (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) एक खुनाचा खटला आला, आरोपीच्या बाजूने. आरोपी मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात हमाल. फिर्यादी पक्षाचा सगळा भार त्याच्या बायकोच्या साक्षीवर. घटना घडली तेव्हा दोघं एकत्र राहत होते, साक्षीची तारीख लागेपर्यंत घटस्फोट झाला होता. ओळख पटेल असं सगळं गाळून लिहिते आहे.

दोषारोपपत्र वाचून मी एका रात्रीत उलटतपासाचे बावीस प्रश्न काढले. पोटगीचा अर्ज, मारहाणीची तक्रार, माहेरच्यांशी झालेली भांडणं, पोलिसांना जबाब द्यायला लागलेले चार महिने. सगळ्यांचा रोख एकच, की बाई सूड उगवते आहे. सरांनी वही वाचली आणि म्हणाले, "त्यानं मारलं म्हणून ती निघून गेली. त्यावरून ती खोटं बोलते हे कसं ठरलं गं? आणि नवऱ्याच्या घरात राहून चार महिने ती पोलिसांकडं जाणार तरी कशी होती?"

मी गप्प बसले. मी स्वतः बाई असून तो प्रश्न मला पडला नव्हता, याची लाज आजही वाटते.

मग सरांनी जबाब पुन्हा वाचायला लावला आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला सांगितली: हे तिनं पाहिलं, की नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, की तिला नुसतं वाटलं? यातला ऐकलेला भाग कायद्यानेच बाजूला पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२२ (खटला जुना असल्याने तोच कायदा लागू होता, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२८) सांगतं की लग्न टिकून असताना नवरा-बायकोत झालेलं बोलणं, बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय कोर्टात सांगता येत नाही. नंतर घटस्फोट झाला तरी ते कुलूप उघडत नाही. १९६८ च्या वर्गीज विरुद्ध पोन्नन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. पण डोळ्यांनी पाहिलेल्याला ही बंदी नाही. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात बायकोने नवऱ्याला पहाटे छतावरून उतरून आंघोळ करताना पाहिलं होतं. तेवढं सांगायची तिला मुभा मिळाली, तो काय बोलला ते मात्र वगळलं गेलं.

आमच्या खटल्यातल्या या बाईने पाहिलेलं असं: त्या रात्री नवरा उशिरा आला, मोरीत बसून स्वतः शर्ट धुतला आणि मोरीतून लाल पाणी वाहिलं. जबाबात पुढे एक साधं वाक्य होतं, की दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून तो कामावर गेला.

लाल पाणी वाचून मला आईची आठवण झाली. हळदीचा हात साडीला लागला की ती ओरडायची, "साबण लावू नको, लाल होईल!" घरी जाऊन पांढऱ्या फडक्यावर ओली हळद चोळली, डाग वाळू दिला आणि कपड्याच्या साबणाची वडी घासली. पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल झाला, बोटांमधून लाल फेस आला. स्वच्छ पाण्यात चार वेळा खळबळून दोरीवर टाकलं, सकाळी फडकं पुन्हा पिवळं. ते पिशवीत घालून मी सरांकडे गेले.

साक्षीच्या दिवशी विजयनगरच्या कोर्टात ती भावाबरोबर आली होती. सरतपासात, म्हणजे सरकारी वकील प्रश्न विचारत असताना, तिने एक नवीन वाक्य घातलं: "मी त्याला संपवलं, असं ते मला म्हणाले." आम्ही हरकत नोंदवली. पोलीस जबाबात हे नव्हतं, आणि असतं तरी कलम १२२ आड येत होतं. माझ्या मनात आलं, सापडली. एक वाक्य वाढवलं म्हणजे बाकीचंही रचलेलं असणार.

सरांनी पोटगीचा विषय काढलाच नाही.

"ताई, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो. त्यांचे कपडे मीच धुवायचे की रोज."

"दुसऱ्या दिवशी तो शर्ट वाळला तेव्हा कसा होता?"

ती थोडा वेळ थांबली. भाऊ मागून तिच्याकडे टक लावून बघत होता. "पिवळाच होता. पण डाव्या बाहीवर एक डाग होता, तो काळपट राहिला होता. तो गेलाच नाही."

सर खाली बसले. ते पिवळं फडकं माझ्या पिशवीतच राहिलं.

नवऱ्याला अडकवायचंच असतं तर "शर्ट लालच होता" एवढं म्हणून ती मोकळी झाली असती. तिने आमच्या फायद्याचंही सांगितलं आणि तोट्याचंही. वाढवलेलं ते एक वाक्य कुणी पढवलं असेल, किंवा चार वर्षांत तिच्याच मनात पक्कं झालं असेल. त्यामुळे बाहीवरचा डाग खोटा ठरत नाही. आपल्याकडे एका बाबतीत खोटा म्हणून सगळ्यात खोटा, असा नियम कोर्टं लावत नाहीत. धान्य आणि फोलपटं निवडावी लागतात. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले आहेत: पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोन्हींत न बसणारे. तिसऱ्यांच्या साक्षीला महत्त्वाच्या बाबींवर दुसरा आधार शोधावा लागतो. हा निकाल मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

इथे आधार मिळाला नाही. शर्ट कधी जप्तच झाला नव्हता, त्यामुळे रासायनिक तपासणीचा प्रश्नच नव्हता. आरोपीने कोयता काढून दिल्याच्या पंचनाम्यातला पंच फितूर झाला. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं, की तिने पाहिलेला भाग विश्वासार्ह वाटतो, पण तेवढ्यावर खून सिद्ध होत नाही.

सरांचं अभिनंदन झालं, माझंही. मला मात्र ती डावी बाही अजून आठवते.

साक्ष संपल्यावर ती कारकुनाच्या टेबलापाशी भत्त्याच्या कागदावर सही करत होती. मला बघून म्हणाली, "वकीलबाई, कवठेमहांकाळला जायला आता एसटी कधी आहे?" मी फोनवर वेळ बघून सांगितली. भावाला घेऊन ती घाईने जिना उतरली.