राइट म्हणजे कुठला?

त्या दिवशी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मोतीबिंदूची सात ऑपरेशनं लागली होती. चौथे आजोबा टेबलावर आले तेव्हा मी फाइल धरून उभी होते. भूल देणारे डॉक्टर माझ्याकडे पाठ करून सिरिंज भरत होते. तोंडावर मास्क, वर एसीची घरघर. त्यांनी न वळताच विचारलं, "लेफ्ट ना, सिस्टर?"

फाइलमध्ये डावा डोळाच लिहिला होता. मी म्हटलं, "राइट."

मला म्हणायचं होतं, बरोबर. त्यांनी ऐकलं, उजवा.

ते वळले आणि उजव्या डोळ्याभोवती बीटाडीन लावू लागले. मी तोवर पुढच्या पेशंटचे कागद चाळत होते. डाव्या भुवईवर वॉर्डातच पेनने बाण काढलेला होता, पण कॅप खाली सरकून भुवया झाकल्या गेल्या होत्या. सुई वीतभर अंतरावर आली तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "डॉक्टर, हा तर मागच्या वर्षीच झालाय ना?"

डॉक्टरांचा हात जागीच थांबला. मी कॅप वर सारली. निळ्या शाईचा बाण, डाव्या बाजूला.

पुढे सगळं नीट पार पडलं. पण माझे पाय संध्याकाळपर्यंत लटपटत होते. आमच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सर्जरीची चेकलिस्ट लावलेली आहे. भूल देण्याआधी पेशंटकडून त्याचं नाव, ऑपरेशन आणि बाजू वदवून घ्यायची, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आम्ही त्या रकान्यांवर दारातच खुणा करून टाकल्या होत्या. त्यातली एक खूण माझ्या हातची.

घरी आल्यावर मी त्या शब्दाच्या मागेच लागले. 'राइट'चा जुना अर्थ सरळ, योग्य असा. काटकोनाला इंग्रजीत 'राइट अँगल' म्हणतात ते त्याच सरळपणातून. बहुतेकांचा चालता हात तो 'योग्य' हात, म्हणून बाजूलाही तेच नाव मिळालं. उलट 'लेफ्ट'चा मूळ अर्थ दुबळा, निकामी. लॅटिनमध्येही तीच तऱ्हा: डाव्यासाठीचा 'सिनिस्टर' इंग्रजीत अशुभ, कपटी होऊन बसला. आणि आपण तरी काय वेगळं करतो? एक दुसऱ्यापेक्षा सरस असलं की 'उजवं' म्हणतो, टाळायचं असलं की 'डावलतो'. फरक एवढाच, की 'हो, बरोबर' या अर्थाने 'उजवं' असं मराठीत कुणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र होकार आणि बाजू यांना एकच शब्द, आणि आम्ही तो दिवसभर दोन्ही अर्थांनी वापरतो.

ज्यांच्या कामात ऐकण्यातली चूक जिवावर बेतते, त्यांनी शब्द बदललेत. पायलट होकारासाठी 'अफर्म' म्हणतात, माहिती बरोबर असली तर 'करेक्ट'. ब्रिटिश नौदलात जहाजाच्या डाव्या बाजूला 'लारबोर्ड' आणि उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणत. वादळात दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून १८४४ मध्ये 'लारबोर्ड' काढून 'पोर्ट' आणला. आमच्याकडे मात्र गोंधळात भरच पडत आलीय. उजव्या डोळ्यासाठी 'ओडी' लिहायची जुनी पद्धत आहे, आणि औषधाच्या चिठ्ठीवर त्याच 'ओडी'चा अर्थ दिवसातून एकदा. डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीवर हे वाचणाऱ्याने काय समजायचं? ही दोन अक्षरं डोळ्यांच्या विभागातून कायमची जायला हवीत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी बोलले. ते माझ्यापेक्षा जास्त हादरले होते. आम्ही ठरवलं, बाजू फक्त 'डावा' किंवा 'उजवा' अशीच सांगायची, होकार द्यायचा तो 'बरोबर' असा, आणि कॅप बाणाच्या वर राहील याची जबाबदारी माझी. शिवाय टेबलावर आल्यावर पेशंटने स्वतः बोटाने डोळा दाखवायचा. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही हे जमतं.

तेच आजोबा तपासणीला आले तेव्हा डाव्या डोळ्याने तक्त्यावरची खालची ओळ वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर?" 'राइट' माझ्या ओठांवर आलंच होतं. ते गिळून मी म्हटलं, "बरोबर, आजोबा."