स्टीलची जुन्या वळणाची एमटीबी आणि अडकलेला सीटपोस्ट: माझा अनुभव

जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, विकत घ्यायची म्हणून बघायला गेलो तेव्हा फ्रेमवरचा एकच स्टिकर वाचता येत होता, तोही स्टीलच्या जातीचा, "४१३० क्रोमोली". बाकी नाव, मॉडेल सगळं उडालेलं. कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-सहा पावसाळे उभी होती, मालकानं अमेरिकेतून परत येताना सामानासोबत आणलेली आणि मग गुडघ्याच्या दुखण्यामुळे चालवणं सुटलं ते सुटलंच. पण दिसायला अशी की माझी नजर हटेना. बारीक गोल नळ्या, वरची नळी जवळपास आडवी, पुढे शॉकअप नाही, साधा स्टीलचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), २६ ची चाकं, व्ही-ब्रेक. लहानपणी दुकानाच्या काचेमागे बघून हळहळायचो तशी अगदी. ११,००० रुपयांना ठरली आणि मी ती हातात धरून चालत घरी आणली कारण दोन्ही टायर मेलेले होते.

एक गोष्ट तपासायची राहिली, आणि पुढचा महिनाभर मी तीच निस्तरत होतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेममध्ये शिरणारा दांडा, हलतोय का ते बघितलं नाही.

सीट मला चार-एक सेंटिमीटर खाली पडत होती. क्लॅम्प सैल केला, सीट धरून पिळली, काही नाही. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, काही नाही. झालं असं होतं की फ्रेम स्टीलची, पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा, मध्ये ग्रीसचा पत्ता नाही आणि वरून दरवर्षी पावसाचं पाणी. दोन वेगळे धातू ओले राहून एकमेकांना चिकटून बसले की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं, आणि त्याचा जो पांढरा भुगा तयार होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे पोस्ट आतल्या आत ठासून बसतो.

एका दुकानात नेली. त्यांनी गॅसचा टॉर्च लावून नळी तापवली आणि हातोड्यानं पोस्टचं डोकं ठोकलं. पोस्ट तसूभर हलला नाही, डोकं मात्र वाकडं झालं आणि फ्रेमचा रंग करपला. मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर बाबांनी सांगितलं की अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे तापवून आपण ते आणखी घट्ट करतो, करायचंच तर उलट थंड करायला पाहिजे.

बाबा पिंपरीला एका कंपनीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं होते. रिटायर झाल्यापासून त्यांची हत्यारं बाल्कनीतल्या पेटीत. मी सायकल घरात आणली तेव्हा काही बोलले नव्हते, फक्त खालच्या नळीवर पान्हा हलकेच वाजवून बघितला आणि म्हणाले, "फ्रेम चांगलीय रे, भेग नाहीये कुठे." दुकानातून आल्यावर मात्र म्हणाले, "आता बाहेर कुठे नेऊ नकोस. आपण काढू."

आधी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग, काढला. इथे एक सांगतो, माझ्यासारखा पहिल्यांदा करणारा कुणी असेल तर, बहुतेक सायकलींत उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, चेन ज्या बाजूला असते त्या. ते माहीत नसलं तर माणूस तो सोडवायच्या नादात आणखी आवळत बसतो. मग फ्रेम उलटी टांगून खालून पोस्टपर्यंत पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, दुसऱ्या दिवशी सरळ करून वरून, असं आठ दिवस. रोज संध्याकाळी बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पोस्टला गुंडाळायचं आणि हलकेच ठोकायचं. नवव्या दिवशी त्यांच्या जुन्या मित्राच्या भोसरीच्या शेडमध्ये गेलो, पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये आवळलं आणि आम्ही दोघांनी फ्रेमच दोन्ही हातांनी धरून फिरवली, म्हणजे फ्रेमचाच पान्हा केला. कट् असा आवाज आला. मला वाटलं सुटला. डोकं तुटून हातात आलं होतं.

त्या दिवशी मला खरंच वाटलं की संपलं, फ्रेम गेली. बाबा म्हणाले, "आता बरं झालं, आता आतून कापता येईल."

पुढच्या चार संध्याकाळी जे केलं ते सावकाश सांगतो कारण हे कुणीही घरी करू शकतं, फक्त घाई नको. हॅक्सॉची नुसती पाती घ्यायची, एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ करायची, पाती पोस्टच्या पोकळ भागात आत घालायची आणि पोस्टची भिंत आतून बाहेरच्या दिशेनं, वरपासून खालपर्यंत उभी कापत जायची. भिंत तीनेक मिलिमीटरची. भीती एकच, जास्त कापलं तर पाती फ्रेमच्या नळीत घुसणार, आणि ती नळी एक मिलिमीटरच्या आसपास जाड. बाबांनी एक लोहचुंबक आणून दिला आणि म्हणाले, दर दहा-बारा घासांनी कीस कागदावर झाड आणि चुंबक फिरव, काही चिकटलं नाही तर अजून अ‍ॅल्युमिनियमच आहे, एक कण जरी चिकटला तरी थांब, स्टील लागलंय. मी तसंच करत गेलो. कापायला मी, कीस बघायला ते, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरायचे. पहिली चीर झाल्यावर तिच्या शेजारी बोटभर अंतरावर दुसरी पाडली, म्हणजे मधली पट्टी सुटी होते. चौथ्या संध्याकाळी बाबांनी पकडीनं ती पट्टी आतल्या बाजूला वळवली, ती केळीच्या सालीसारखी सुटत आली, आणि मग उरलेला पोस्ट दाबून लहान झाला आणि ओढल्याबरोबर बाहेर आला, आत पांढऱ्या भुग्याचा थरच्या थर. आई बाल्कनीत येऊन बघून गेली, दोघांचे हात काळेकुट्ट.

नळी आतून साफ करून व्हर्नियरनं मोजली तर २६.८ मिलिमीटर. जुन्या स्टीलच्या फ्रेममध्ये ही मापं अशीच अर्ध्यामुर्ध्या मिलिमीटरनी बदलतात आणि बाजारात २५.४ किंवा २७.२ चा पोस्ट सहज मिळतो पण २६.८ चा नाही. भोसरीच्याच त्या काकांनी लेथवर अ‍ॅल्युमिनियमची बुश (पोस्टवर चढवायची पातळ नळी) काढून दिली, आतून २५.४, बाहेरून २६.८, भिंत ०.७ मिलिमीटर, उभी चीर दिलेली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. हीच सायकल कार्बनची असती तर आमच्यातल्या एकालाही तिला हात लावायची हिंमत झाली नसती. स्टीलला कानस कळते, लेथवाल्याला स्टील कळतं, उद्या चिमट्याला किंवा नळीला भेग गेली तरी चांगला वेल्डर ती सांधू शकतो, मला या सायकलीचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं.

मग रंग. सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग, मोरपंखी. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला सांगा, नाहीतर रंग आट्यांत बसतो आणि टॅप फिरवून साफ करावा लागतो, माझ्या एका बाजूला बसलाच. आणि क्रोमोली म्हणजे गंजत नाही असा गैरसमज नको. नावात क्रोम असलं तरी ते १ टक्क्याच्या आसपास असतं, स्टेनलेसला निदान साडेदहा टक्के लागतं. म्हणून रंग झाल्यावर सगळ्या नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल सोडलं, पेंटर लोक बेलतेल म्हणतात ते. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेलं निथळून जाऊ द्यायचं आणि दोन-तीन दिवस वाळवायचं, आत पातळ साय धरते. त्याची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा.

आता शॉकअपचा विषय, कारण बघणारा प्रत्येक जण पहिलं हेच म्हणतो, पुढे शॉकअप टाक. मी नाही टाकला. या फ्रेमची भूमितीच आखूड चिमट्यावर बेतलेली आहे, चिमटा साधारण २० मिलिमीटरनं वाढला की चिमट्याचा जमिनीशी असलेला कोन जवळपास १ डिग्रीनं कमी होतो, बॉटम ब्रॅकेट वर जातो आणि सायकलीचं वळणं बिघडतं. शिवाय एमटीबी जन्मली तीच शॉकअपशिवाय. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीत १९७६ पासून पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावायची, खाली येईपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच रिपॅक पडलं. त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७ मध्ये अशा रस्त्यांसाठी खास फ्रेम बांधली, ती क्रोमोलीची. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअपवाला फोर्क यायला १९८९ उजाडलं. खडखडाटावर माझा उपाय टायरचा आहे. स्टील मऊ धावतं असं लोक म्हणतात, थोडं असेलही, पण मला जो फरक जाणवला तो २.२५ इंची टायरचा आणि हवा कमी ठेवण्याचा, माझ्या ७२ किलोला पुढे २६ आणि मागे ३० पीएसआय.

टायरवरून आठवलं, दुकानात नुसतं "२६ चा" म्हणून मागू नका. माझ्या हातात २६ × १ ३/८ चा टायर दिला गेला आणि मी अर्धा तास रिमवर चढवायचा प्रयत्न करत बसलो. त्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, आपल्या एमटीबीचा ५५९. टायरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. एरवी २६ चा फायदा मोठा आहे, ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळते, आणि मोटारसायकलसारखा व्हॉल्व असला की पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

हँडल जुन्या पद्धतीचं होतं, अरुंद, सरळ, १२० मिलिमीटरच्या लांब स्टेमवर (हँडल धरणारा पुढचा तुकडा), तासाभरात बोटं बधिर. त्याजागी ७० चा स्टेम आणि मागे वळलेलं ७०० मिलिमीटर रुंद हँडल बसवलं. हात सुटे झाले, पाठ सरळ झाली, पण सगळ्या केबल आखूड पडल्या, म्हणून हँडल बदलायचं असेल तर केबलचे पैसे आधीच धरा. मागे ९ स्पीडची ११-३६ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) बसवली, जुन्या हबवरच बसली. पुढच्या तिन्ही चकत्या ठेवल्या, हल्ली सगळे एकच ठेवतात पण सिंहगडाच्या चढाला मला ती लहान चकती हवीच आहे. गिअरला मायक्रोशिफ्ट कंपनीचा थंब शिफ्टर, हँडलच्या वर अंगठ्यानं ढकलायचा, फ्रिक्शनवर टाकला की क्लिक नाही, कानानं ऐकून जागा शोधायची. दोन दिवसांत हाताला सवय होते.

पहिली मोठी राइड पानशेतची. पहाटे खडकवासल्याच्या भिंतीवर धुकं होतं, पुढे पाण्याकाठानं जाणारा रस्ता सोडून मी मुद्दाम एका कच्च्या वाटेला लागलो, मुरूम, दगड, मध्ये ओढा. पुढचं चाक कुठल्या दगडावर चढलंय ते तळहाताला कळत होतं, आणि तरी सायकल मी म्हणेन तिथेच जात होती. घरी आल्यावर बाबांनी आधी सीटपोस्टवर पेन्सिलनं केलेली खूण बघितली, पोस्ट खाली सरकलाय का म्हणून. सरकला नव्हता.

तेव्हापासून मृग लागायच्या आधीचा रविवार ठरलेला आहे. क्लॅम्प सोडायचा, पोस्ट आणि बुश बाहेर काढायची, जुनं ग्रीस पुसायचं, नळीत बॅटरी मारून बघायचं, नवं ग्रीस लावायचं. परवाच केलं. बाबांनी दोन बोटांनी सीट धरून फिरवली, पोस्ट गर्रकन फिरला, आणि म्हणाले, "आता वर खूण कर, आवळून टाक."