मेंदीवरची नीळ टिकवताना: पावसाळ्यातल्या नोंदी

आधी मेंदी आणि मग नीळ (नीळ या झुडपाच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे), असे दोन टप्प्यांत केस रंगवणाऱ्या सगळ्यांचा अनुभव एकच आहे. मेंदी हटत नाही, नीळ मात्र निघून जाते. काळेभोर केस काही न्हाण्यांनंतर तपकिरी दिसू लागतात आणि भांगाजवळ, कानशिलांवर खालचा तांबूस रंग डोकावतो. त्यामुळे रंग टिकवायचा म्हणजे नीळ टिकवायची, असं मी धरून चालले आहे. या पावसाळ्यात मेंदीची प्रमाणं बदलून बघण्याचं काम बाजूला ठेवलं आणि सगळं लक्ष धुण्यावर दिलं.

प्रयोग डोक्यावर करत नाही, गुंतवळीवर करते. कंगव्यात आलेले केस साठवायचे, त्यातले पूर्ण पांढरे वेगळे काढायचे आणि एका टोकाला दोऱ्याने घट्ट बांधून उदबत्तीच्या काडीएवढी बट करायची. दोऱ्यांचे रंग वेगवेगळे घेतले की कोणती बट कोणत्या पाण्याची ते कळतं. डोक्यावरचे केस काल कसे होते हे आज नेमकं आठवत नाही. बटा मात्र पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघता येतात. शिवाय प्रत्येक वेळी एक बट न धुता डब्यात ठेवायची, म्हणजे तुलनेला मूळ रंग हाताशी राहतो.

सगळ्या बटा एकाच दिवशी, एकाच लगद्यात रंगवल्या. मेंदी सोजतची, वस्त्रगाळ केलेली. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. लोखंडी कढई मुद्दाम टाळली आणि चिनी मातीच्या वाडग्यात भिजवली. कढईतलं लोह मेंदीतल्या टॅनिनशी मिळून स्वतःच काळपटपणा आणतं, मग नीळ किती टिकली ते कळणार कसं?

निळीची पूड पोपटी-हिरवी असते. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून ती कालवायची, लिंबू किंवा दही अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटांत लगद्याच्या पृष्ठभागावर निळसर-जांभळी साय धरते, चमच्याने ती बाजूला केली की खाली अजून हिरवं असतं. तीच लावायची वेळ. त्यापुढे ताटकळत ठेवलं तर रंग केसांऐवजी वाडग्यातच तयार होतो. ही साय न धरणारी पूड जुनी किंवा भेसळीची समजावी. ती केसांना लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

नीळ का जाते, हे समजलं की पुढची सगळी निगा आपोआप समजते. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंध जोडतं. निळीतलं इंडिगोटिन हे निळं रंगद्रव्य असा बंध जोडत नाही. पानातला रंगहीन पदार्थ केसात शिरतो, हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा निळा, पाण्यात न विरघळणारा कण बनतो आणि तो बहुतेक बाहेरच्या थरांत अडकून राहतो. जीन्सच्या कापडावरचा रंगही हेच इंडिगोटिन, आणि जीन्स कशी विटते ते आपण जाणतोच. केस ओला झाला की फुगतो, पूर्ण भिजल्यावर त्याची जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. पाणी अल्कधर्मी असेल तर फुगणं वाढतं आणि वरचे खवले उघडतात. अडकलेले कण सुटायला एवढं पुरतं. म्हणून कोणत्या शाम्पूने धुतलं याआधी, केस किती वेळा, किती वेळ आणि कोणत्या पाण्यात भिजले हे विचारायला हवं.

ज्येष्ठ संपेपर्यंत आमच्याकडे टँकर येत होते. बोअरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. तपासणीच्या पट्टीवर हे पाणी त्याच्या बरंच वर निघालं. आषाढ लागल्यावर गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी धरलं. पहिले जोरदार पाऊस जाऊ दिले, कारण त्यात गच्चीची आणि हवेची धूळ उतरते. तिसरं पाणी नळाचं, खडकवासल्याचं. शाम्पू तिन्हींत तोच, पाणी कोमट, चोळणं सारखं.

टँकरच्या पाण्यातली बट भराभर मंद पडली, पावसाच्या पाण्यातली जवळपास डब्यातल्या बटेसारखी राहिली आणि नळाची दोघींच्या मधे. अंदाज होताच. पण टँकरची बट हातात घेतल्यावर खरखरीत, राख फासल्यासारखी लागली. तिचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला आणि दुसरा लिटरभर पावसाच्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यात थोडा वेळ बुडवला, मग साध्या पाण्याने खळबळला. वाळल्यावर त्या भागाचा काळेपणा बराचसा परत आला होता! म्हणजे रंग गेल्यासारखा वाटत होता त्यातला मोठा हिस्सा गेलेलाच नव्हता. केसांवर बसलेल्या क्षारांच्या थराखाली तो झाकला गेला होता.

माझ्या मते या पावसाळ्यातली सगळ्यात उपयोगी नोंद हीच. केस निस्तेज दिसले की आपण लगेच नीळ कालवायला घेतो. आधी एकदा व्हिनेगरचं पाणी फिरवून, केस वाळू देऊन बघा. चमक परतली तर नीळ शाबूत आहे. परतली नाही आणि तांबूसच दिसलं, तर मात्र पूड काढा. व्हिनेगर डोळ्यांत जाऊ देऊ नका, टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर करूच नका, आणि हा प्रत्येक न्हाण्याचा नेम नव्हे.

गरम पाण्याचाही फरक दिसला. गीझरमधून थेट घेतलेल्या कढत पाण्याने धुतलेल्या बटेचं पाणी निळसर उतरत राहिलं. विसण घालून अंगाला जेमतेम कोमट लागेल इतपत केलेल्या पाण्यात ते लवकर नितळ झालं. रंग ताजा असताना पहिल्या एकदोन धुण्यांना थोडी निळाई उतरणारच, ती वर राहिलेली सुटी पूड असते. उशीला जुना अभ्रा घालावा आणि निर्धास्त राहावं.

रंगवल्यानंतर पहिले दोन दिवस शाम्पू आणि तेल दोन्ही बंद. नीळ धुतल्या धुतल्या केस हिरवट दिसतात. तो पूर्ण रंग नव्हे, हवेने तो दोन दिवसांत गडद होत जातो. ही हिरवट छटा बघून घाबरून त्याच संध्याकाळी केस खसाखसा धुणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. कळकळीने सांगते, थांबा.

श्रावणात रिठा आणि शिकेकाई. रिठ्याचा फेस भरपूर, पण तेल ओरबाडून काढतो. बट रखरखीत झाली आणि रंगही लवकर उतरला. शिकेकाई सौम्य आहे, तिचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आणि साबणाचा कठीण पाण्यात जसा चिकट थर जमतो तसा तिचा जमत नाही. फक्त ती भिजवून, उकळून, फडक्यातून गाळूनच घ्यावी. भुकटी थेट चोळली तर तिचे कण केसांवर घासतात. रंगवलेल्या केसांना रिठा माझ्याकडून बंद.

तेलाची वेळ महत्त्वाची. 2003 मध्ये मुंबईत रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, आणि केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि मग केस पाण्याने कमी फुगतो. आपल्याला हवं आहे ते हेच. म्हणून तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, मुळांपेक्षा मधल्या भागाला आणि टोकांना. रंगवण्याआधी मात्र तेलाचा थेंबही नको, लगदा धरत नाही. न्हाल्यावर पंच्याने टिपावं, झटकू-चोळू नये.

माझी नणंद पार्लरमधला बरगंडी लावते, तो प्रकार वेगळा. त्यात अमोनियासारखा अल्क खवले उघडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे रंगाचे रेणू आत तयार होतात. त्यातले लाल सगळ्यात आधी उतरतात. तरी पाणी, ऊन आणि धुण्याची संख्या हे नियम तिथेही लागू. आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल एक सांगते. त्यांत अनेकदा पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायअमिन हे केस रंगवायचं रसायन) असतं, त्याची ॲलर्जी गंभीर होऊ शकते. घटक वाचा, कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास बघा, आणि आधी कधी त्रास झाला असेल तर चाचणीच्याही भानगडीत पडू नका.

पोहणाऱ्यांसाठी एक बट क्लोरीनच्या पाण्यातही टाकली. क्लोरीन इंडिगोटिनचा रेणूच तोडतं, कारखान्यात जीन्स फिक्या करायला तेच वापरलं जात आलं आहे. ही बट व्हिनेगरने परतली नाही, विटकरी ती विटकरीच राहिली. तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून, खोबरेल लावून टोपी घालावी, आणि बाहेर येताच धुवावेत.

सध्या डोक्यावर हा क्रम चालू आहे: केसांवरून अंघोळ आठवड्यातून एकदाच, आदल्या रात्री खोबरेल, गाळलेली शिकेकाई, शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. वाढलेल्या मुळांना मेंदी आणि नीळ दोन्ही, खालच्या लांबीला शेवटची वीस मिनिटं फक्त नीळ. लांबीवर दर वेळी मेंदी चढवली तर खालचा लाल आणखी गडद होतो आणि त्याला झाकायला नीळही जास्त लागते. पिंप आता तळाला गेलं आहे. ते संपलं की नळाचं पाणी उकळून, निवळून वरचं घ्यायचं. उकळल्याने कठीणपणाचा काही भाग तळाशी बसतो, तेवढ्याने किती फरक पडतो ते पुढच्या बटा सांगतील. त्यांसाठी गुंतवळ जमवायला घेतली आहे.