तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध पेटलेलं असताना प्रार्थनेचा उपयोग काय?

कुठे बॉम्ब पडायला लागले, कुठल्या देशात सत्ता उलथली, की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कुणी कासावीस होऊन विचारतं, कुणी टोमणा मारतं, "तुमचा देव झोपलाय वाटतं!" मी रोज प्रार्थना करते आणि ते लपवत नाही, त्यामुळे देवाच्या वतीने जाब द्यायला मीच सापडते.

तर आधी एक सांगून टाकते. प्रार्थनेने गोळी अडते असं मी मानत नाही. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना प्रवचनातून विनवलं होतं, आपल्याच लोकांना मारू नका. दुसऱ्याच दिवशी, 24 मार्च 1980 ला, मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. 30 जानेवारी 1948 ला गांधीजी प्रार्थनेलाच निघाले होते. या दोघांपेक्षा माझं गाऱ्हाणं वर लवकर पोचतं असं म्हणायची माझी छाती नाही.

मग युद्धात माणसं देवाकडे मागतात तरी काय? बहुतेक वेळा विजय. 1944 च्या डिसेंबरात युरोपात पावसाने आणि धुक्याने अमेरिकी फौजा अडकल्या होत्या. जनरल पॅटन यांनी आपल्या लष्करी धर्मगुरूंना चांगल्या हवामानासाठी प्रार्थना लिहायला लावली आणि तिची अडीच लाख कार्डं छापून सैनिकांना वाटली. 23 तारखेला आभाळ मोकळं झालं, विमानं उडाली, पॅटन खूश झाले आणि धर्मगुरूंना पदक मिळालं. देवाला हवामान खात्यात नोकरी लावून दिल्यासारखंच हे! आणि समोरच्या जर्मन सैनिकाच्या कमरपट्ट्याच्या बकलावर काय कोरलं होतं? 'देव आमच्यासोबत.' त्या युद्धात न्याय कुठल्या बाजूला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ते बकल छळछावण्यांच्या राज्याच्या सैनिकाला जराही टोचलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून मला लिंकन मोठे वाटतात. 4 मार्च 1865 ला, अमेरिकेतलं यादवी युद्ध जिंकत आलेले असताना, त्यांनी शपथविधीच्या भाषणात सांगितलं की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला आळवतात, दोघांचंही मागणं पुरं होणं शक्य नव्हतं आणि पूर्णपणे तर कुणाचंच झालं नाही. जिंकणाऱ्याच्या तोंडी ही भाषा क्वचितच येते. हरणाऱ्याला ती सोपी असते.

पण माझं मन पुन्हा पुन्हा जातं ते 1947 च्या दिल्लीकडे. शहर धुमसत होतं, निर्वासितांनी भरलं होतं. गांधीजींच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातल्या आयतीही म्हटल्या जात. त्याला कुणीतरी उठून विरोध करायचं. मला त्या उठणाऱ्यांचा राग येत नाही. ज्याचं घर जळलं, माणसं गेली, त्याला ते शब्द कानात तापलेल्या तेलासारखे वाटणारच. गांधीजींना सोपी वाट होती: तेवढा भाग गाळायचा आणि बाकीची प्रार्थना उरकायची. त्यांनी तसं केलं नाही. कधी विरोध झाला म्हणून त्या दिवशीची सगळी प्रार्थनाच थांबवली, पण 'त्यांचं' काढून 'आपलं' तेवढं ठेवलं नाही. 20 जानेवारी 1948 ला सभेजवळ बॉम्ब फुटला तेव्हा लोकांना शांत करून सभा पुढे चालू ठेवली, आणि बॉम्ब लावणाऱ्या तरुणाचा द्वेष करू नका असं नंतर सांगितलं.

माझी कसोटी इथूनच आली आहे. प्रार्थनेत पलीकडच्या माणसाला जागा आहे का? नसेल, तर ती नुसती घोषणा, फक्त हात जोडून दिलेली. ज्ञानदेवांनीही दुष्टांचा नाश मागितला नव्हता, त्यांचा वाकडेपणा जावो एवढंच मागितलं होतं. ऐकायला गोड वाटतं, पण बातम्या बघितल्यावर म्हणून पाहा!

"प्रार्थना म्हणजे हातावर हात ठेवून बसणं" हा आक्षेपही ऐकते. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात 2003 साली, यादवी युद्ध चालू असताना, ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ उन्हापावसात बसल्या होत्या, एकत्र प्रार्थना करत. पुढे घानात शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तिथे जाऊन सभागृहाची दारंच अडवली. त्यांची नेती लेमा बोवी यांना 2011 मध्ये नोबेल मिळालं. त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या, हातात हात गुंफून बसल्या होत्या.

मी स्वतः काय करते? ज्यांची घरं पडली त्यांच्यासाठी मागते, ते सोपं आहे. मग ज्यांनी हुकूम दिले त्यांची नावं घ्यायचा प्रयत्न करते: यांना थांबायची बुद्धी दे, एवढंच. कधी जमतं. कधी नाव घेताच तोंडाशी शिवी येते. त्या दिवशी मी मदतनिधीला पैसे पाठवते आणि हुकूम देणाऱ्यांसाठीची प्रार्थना उद्यावर ढकलते.