बँकेच्या कॅलेंडरमागचं मोंबासा

आमच्या घरात आंब्याला ‘एम्बे’ म्हणतात. चारचौघांत नाही, घरातल्या घरात. घाई करणाऱ्याला ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू. लग्नानंतर वर्षभर माझ्या नवऱ्याची समजूत होती की ही आमच्याकडची कुठली तरी बोली असणार. आजोबांनी केनियातल्या मोंबासाहून आणलेल्यांपैकी आता एक लाकडी पेटी, दोन फोटो आणि असे सात-आठ स्वाहिली शब्द शिल्लक आहेत.

आजोबा किलिंडिनी बंदरावर रेल्वेच्या मालकचेरीत कारकून होते. बाबांचा जन्म तिथलाच, १९४८चा. ते नऊ वर्षांचे असताना सगळे ‘करंजा’ बोटीने मुंबईला उतरले आणि तिथून नाशिकला. (बोटीचं नाव दिवाळीतल्या करंजीवरून ठेवलंय, असं मला बरीच वर्षं वाटायचं.) यंदा भाच्याकडे नैरोबीला जायचं ठरलं, तेव्हा बाबांनी बँकेच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बॉलपेनने नकाशा काढला. कालनिर्णयच्या मागे पाककृती असतात, तिथे जागा कुठली! किल्ला, मोठा रस्ता, मशीद, सोनाराचं दुकान, मग दोन गॅलऱ्यांचं आमचं घर, पलीकडे समुद्र. उत्तर दिशा कुठेच नव्हती. गुडघ्यांमुळे त्यांना येणं शक्य नव्हतं, त्यामुळे सूचना मात्र भरपूर.

जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. केनियाचा प्रवास-परवाना आता ऑनलाइनच काढावा लागतो. आणि पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल.

नैरोबीहून मोंबासाला २०१७ साली सुरू झालेल्या ‘मदारका एक्स्प्रेस’ने गेले. आजोबांच्या वेळची मीटरगेज जवळजवळ तिच्या शेजारून जाते. १८९६ साली मोंबासाहून ती टाकायला घेतली आणि तिच्यासाठी हिंदुस्थानातून बत्तीसेक हजार मजूर नेले होते. त्सावोजवळ खिडकीतून हत्ती दिसले, तिथल्या मातीने अगदी विटकरी झालेले. डब्यातल्या सगळ्या पोरांबरोबर मीही उठून उभी राहिले.

मोंबासात पाय ठेवल्यावर पहिलं काय जाणवलं, तर भाषा अर्धी ओळखीची आहे. पेसा, दुका, चाय, चपाती, रंगी, लाकी. विम्याला ‘बिमा’, गाडीला ‘गारी’. शिवाय रस्त्यावर आपल्याच रिक्षा. सकाळी ‘मबाझी’ खाल्ली, म्हणजे नारळाच्या दुधातली तुरीच्या दाण्यांची उसळ, आणि सोबत वेलची घातलेली तळलेली गोडसर पोळी, ‘महामरी’. आमच्या आजीची थंडीतली तुरीच्या दाण्यांची उसळ नारळाच्या दुधात का असायची, ते तिथे कळलं.

पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस धावत पाहिला, कारण खरं काम त्याच्यापुढे होतं. किल्ल्यापासून ‘न्दिया कू’ हा जुन्या गावातला मोठा रस्ता सुरू होतो. कोरीव दरवाजे, लाकडी गॅलऱ्या, समोरासमोरच्या माणसांनी हात लांबवला तर वाटी देता येईल इतक्या अरुंद गल्ल्या. हे सगळं मला जुन्या नाशिकच्या वाड्यांमधून फिरल्यासारखं वाटलं, फक्त हवेला मीठ होतं. मंधरी मशिदीचा पांढरा मनोरा सापडला. सोनार नाही. व्हिडिओ कॉल लावला.

“तू उलटी उभी आहेस,” बाबा म्हणाले.

मी वळले. “आता समुद्र कुठे आहे?” डावीकडे. “उजवीकडे हवा!” पुन्हा वळले. एका गुजराती दुकानदाराने पान हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, दोघा म्हाताऱ्यांना बोलावलं. अर्धा तास पंचायत बसली. निष्कर्ष असा, की घर असलंच तर जिथे आता पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचं दुकान आहे, तिथे असावं. बाबा बराच वेळ त्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “राहू दे. जेव काहीतरी.”

संध्याकाळी उतरले होते त्या घराच्या मालकिणीला नाशिक सांगितलं. ‘मुंबईजवळ’ असं पुढे जोडायची मला सवय आहे, पण तिने मध्येच थांबवलं. “नासिक? मग केंगेलेनीला जा.”

केंगेले म्हणजे घंटा. बेटावरून न्यालीच्या पुलाने पलीकडे गेलं की चौकात ती आहे. बाबांच्या लहानपणी तो पूल तरंगता होता. गुलामांची गलबतं येताना दिसली की सावध करायला ही घंटा वाजवत. वस्तीचं नाव फ्रेअरटाउन, मुंबईचे एके काळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. १८७५च्या सुमारास ती वसवणारे मिशनरी प्राइस त्याआधी आमच्या नाशिकच्या शरणपूरला होते. ब्रिटिश आरमाराने गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे शरणपूरला येत. तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेतला शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनालाही हजर होता. नाशिकची ही बरीच मंडळी पुढे इथे येऊन राहिली.

शरणपूर रोडवरून मी रोज स्कूटरने जाते. सिग्नल, दवाखाने, साड्यांची दुकानं. शरण आलेल्यांचं पूर हे नावातच आहे, आणि पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

जवळच्या चर्चच्या आवारात एक वयस्कर बाई झाडत होत्या. त्यांच्या पणजोबांचे वडील नासिकहून आलेले. एवढंच घरात माहीत होतं, त्यापुढे काही नाही. कुणीतरी काढून ठेवलेला नकाशाही नव्हता. त्यांनी विचारलं, तिथला फोटो आहे का? माझ्या फोनमध्ये गोदाघाट होता, मिसळ होती, भाचीचं लग्न होतं. शरणपूरचा एकही नाही.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी स्कूटर कडेला लावून चर्च, जुनी भिंत, रस्ता असे फोटो काढले. पोलिसाने दोनदा शिट्टी मारली. रात्री पाठवले. सकाळी उत्तर आलं. एका फोटोतल्या झाडाभोवती गोल काढला होता आणि खाली एकच शब्द.

“एम्बे?”

मी लिहिलं, नाही, वड आहे. वडाला स्वाहिलीत काय म्हणतात, ते बाबांनाही आठवेना.