शिट्टी न वाजवता खेळवलेली मॅच

मी कोल्हापुरात एका शाळेत पी.टी.चा सर आहे. इथल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा म्हणजे अवघडच, निम्मी पोरं तालमींच्या फुटबॉल टीमच्या मॅच बघत मोठी झालेली, पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) भारी का दिलबहार यावरून मधल्या सुट्टीत कॉलर धरतात. त्यात नववीला खेळाचा इतिहास पण सांगा असं ठरलं. फळ्यावर सनावळ्या लिहिल्या असत्या तर पोरं झोपली असती, म्हणून म्हटलं आज १८६३ चे नियम लावूनच मॅच खेळवू.

त्या वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये क्लबवाले जमले, फुटबॉल असोसिएशन काढली, आणि डिसेंबरपर्यंत भांडत भांडत १३ नियम ठरवले. त्याआधी तिकडं प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा, एकाकडं बॉल हातात घेऊन पळायचं, दुसऱ्याकडं नाही, मग कॉलेजात एकत्र आल्यावर खेळायचं कसं? एवढंच सांगितलं आणि ग्राउंडवर नेलं.

दोन्हीकडं नुसते दोन-दोन बांबू रोवले, मध्ये ८ यार्ड (हे माप आजही तेच आहे बरं का). वर आडवा बार नाही. गोली नाही. आणि रेफ्री पण नाही, कारण त्या १३ नियमांत रेफ्रीचं नावच नाही. शिट्टी खिशात टाकून मी बाजूला उभा.

पहिल्या पाच मिनिटांतच राडा. एकानं लांबून असा हाणला की बॉल बांबूच्या कितीतरी वरून गेला आणि तो गोल गोल करत पळत सुटला, समोरचे म्हणतात बाहेर गेला. नियमाप्रमाणं गोलच होता, दोन खांबांच्या मधून कितीही उंचावरून गेला तरी चालायचा. वर पट्टी बांधायची हे १८६६ ला आलं. आणि गोल झाला की लगेच साइड बदलायच्या, ते ऐकून तर पोरांनी कपाळालाच हात लावला.

पण खरी मजा ऑफसाईडची. आपल्यानं किक मारली त्यावेळी त्याच्या पुढं उभा असलेला आपला प्रत्येक माणूस ऑफसाईड, त्यानं बॉल खेळायचाच नाही, म्हणजे पुढं पास देणं बंदच! आमचा स्ट्रायकर नेहमीसारखा पुढं जाऊन उभा आणि पास मागतोय, त्याला कुणी देईना, शेवटी वैतागून म्हणाला, "सर, ह्यो काय फुटबॉल हाय व्हय? मी काय कराय उभारलोय हितं?" थोड्या वेळानं बघतो तर एकजण बॉल घेऊन घुसतोय आणि बाकीचा सगळा घोळका त्याच्या मागं, त्याच्याकडनं सुटला की दुसरा घेणार. हे मी सांगितलं नव्हतं, नियमामुळं आपोआप झालं, आणि सुरुवातीला इंग्रज लोक असाच खेळायचे. १८६६ ला त्यांनी ढील दिली, पुढं समोरच्या टीमचे तीन जण असले की ऑनसाईड, म्हणजे बॉल खेळायला मोकळा, मग पासिंगला वाव मिळाला आणि स्कॉटलंडवाल्यांनी त्याचं सोनं केलं. तिनाचे दोन व्हायला १९२५ उजाडलं.

एका पोरानं उडता बॉल हातात झेलला, सगळे हँड हँड ओरडले. मी म्हटलं टाच मारून खूण कर, फ्री किक तुझी. तेव्हा झेल चालायचा ना! बॉल घेऊन पळता मात्र यायचं नाही. नुसता गोली तेवढा हात लावणार हे १८७१ चं.

अर्धा तास भांडून झाल्यावर दोन्ही कॅप्टन माझ्याकडं आले, सर शिट्टी घ्या. म्हटलं इंग्लंडात पण आधी दोन्ही बाजूंचे अंपायर होते, रेफ्रीला आत घेऊन सगळा अधिकार दिला तो १८९१ ला, पेनल्टी पण त्याच वर्षीची. तोवर तुम्ही आपसात मिटवा.

मॅच ०-१ का १-१ यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. जाता जाता एकानं विचारलं, त्या १३ नियमांत समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायला बंदी घातली म्हणून कुणी चिडलं नाही का? चिडले की! ब्लॅकहीथ नावाच्या क्लबचे लोक त्यावरूनच असोसिएशन सोडून गेले, त्यांचं म्हणणं लाथ काढली तर खेळात मर्दानगी काय राहिली. पुढं १८७१ ला रग्बीची युनियन निघाली, त्यात ते होते, आणि त्या युनियननं पण लाथेवर बंदीच घातली. ह्यावर पोरं जी हसत सुटली ती पुढच्या तासाच्या बाईंनी येऊन हाकलेपर्यंत.